एस्प्लनेड : बातमीने थबकणारा चौक

‘पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होता?’ असे पुण्यातल्या एखाद्या वयस्क गृहस्थाला विचारून पाहावे. उत्तर लगेच येते. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढले होते, शेजारच्या कोणी हाक मारली, हातात काय घेऊन बाहेर पडलो, सगळे. किल्लारीच्या परिसरातल्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट अशीच आठवते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. मुंबईकरांना १२ मार्च १९९३ ची दुपार आठवते. काल काय जेवलो हे विसरणारा माणूस तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा तो एक क्षण मात्र तपशीलवार सांगतो.

प्रत्येक शहरात अशा आठवणींची एक जागा असते. कोलकात्यात ती जागा म्हणजे एस्प्लनेड. बंगाली माणूस तिला धर्मतला म्हणतो. ट्राम, बस, भुयारी रेल्वे, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, सिनेमागृहे, बाजार, सभेचे मैदान आणि राज्यपालांचे निवासस्थान हे सर्व हाकेच्या अंतरावर असणारा असा दुसरा चौक भारतात क्वचितच असेल. कचेरीला जाणारा येथे गाडी बदलतो, खरेदीला आलेली गृहिणी येथे उतरते, मोर्चा येथे येऊन थांबतो. साहजिकच, शहरावर एखादी बातमी कोसळली की तिचा पहिला धक्का येथे जाणवत आला.

तोफांसाठी मोकळी ठेवलेली जमीन

एस्प्लनेड या शब्दाचा अर्थच मुळी किल्ल्यासमोरची मोकळी जागा असा आहे. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी हुगळीकाठी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. किल्ल्यावरच्या तोफांना मारा करायला समोर आडोसा असू नये म्हणून गोविंदपूर गावची वस्ती हलवली आणि आसपासचे जंगल तोडले. त्यातून आजचे अफाट मैदान तयार झाले. मैदानाच्या उत्तरेच्या कडेला शहर सुरू होते, तेथे एस्प्लनेड वसले. शत्रू लांबून दिसावा म्हणून मोकळी ठेवलेली ही जमीन पुढे लाखोंच्या सभांना उपयोगी पडली, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

त्या काळी ज्या शत्रूची धास्ती होती, त्यांत आपली मराठी माणसेही होती. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले. मराठी फौजा येत असल्याच्या बातमीने कलकत्ता इतके हादरले की शहराभोवती खंदक खणायला सुरुवात झाली. सात मैलांचा बेत होता. तीनएक मैल खणून झाल्यावर धोका टळला म्हणून काम थांबले. ‘मराठा डिच’ या नावाने ओळखला जाणारा हा खंदक पुढे बुजवला गेला आणि त्या जागी सर्क्युलर रोड झाला. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले, आणि बर्गी आल्याची भीती घालून बाळाला झोपवणारे अंगाईगीत बंगालमध्ये आजही प्रत्येकाला ठाऊक असते. एक धक्कादायक बातमी पावणेतीनशे वर्षे एका अंगाईत टिकून राहावी, हे नवलच.

त्याच शहराने पुढे शिवाजी उत्सवही साजरा केला. देवघरजवळच्या मराठी घराण्यात जन्मलेले आणि बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर यांनी त्यासाठी मोठी खटपट केली. १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक स्वतः कलकत्त्याला गेले होते.

बातम्यांची पेठ

एस्प्लनेडजवळ डेकर्स लेन नावाची एक चिंचोळी गल्ली आहे. दुपारी कचेऱ्यांतली मंडळी येथे स्ट्यू-टोस्ट, घुगनी, चहा असे काहीबाही खायला गर्दी करतात. गल्लीचे अधिकृत नाव आहे जेम्स हिकी सरणी. हिकी म्हणजे २९ जानेवारी १७८० रोजी भारतातले पहिले छापील वर्तमानपत्र, ‘बेंगॉल गॅझेट’, काढणारा गृहस्थ. साप्ताहिक निघत असे. वॉरन हेस्टिंग्जवर टीका केल्याबद्दल हिकीला तुरुंगात जावे लागले आणि १७८२ मध्ये त्याचा छापखाना जप्त होऊन पत्र बंद पडले. या देशात छापील बातमीचा जन्म झाला तो याच शहरात, आणि तिच्यासाठी तुरुंगात जाणारा पहिला संपादकही येथलाच.

पुढे ‘द स्टेट्समन’ची गोलाकार दर्शनी भागाची देखणी इमारत चौरंगीच्या तोंडाशी उभी राहिली. ‘आनंदबाजार पत्रिके’ची कचेरीही येथून चालत जाण्याच्या अंतरावर. आकाशवाणीचे कलकत्ता केंद्र आधी डलहौसीजवळ गार्स्टिन प्लेसमध्ये होते, नंतर ते ईडन गार्डन्सशेजारच्या आकाशवाणी भवनात गेले. तार कचेरी डलहौसी चौकात. थोडक्यात, जगातून कलकत्त्याला येणारी प्रत्येक बातमी दीड-दोन किलोमीटरच्या या टापूत उतरत असे. विजेवर चालणारी पहिली ट्राम २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपूरला गेली. मग बातमीला पायही फुटले. येथे चढलेला माणूस ती श्यामबाजारला, बालीगंजला, टालीगंजला घेऊन जाई.

त्या काळात घरोघरी रेडिओ नव्हते. बातमी माणसाच्या तोंडून येत असे. तारेचेही तसेच. आपल्याकडे ‘तार आली’ एवढे शब्द ऐकले तरी बायाबापड्यांच्या पोटात गोळा येई. कोणीतरी पाकीट फोडून वाचण्याच्या आधीच रडारड सुरू व्हायची, आणि आत असायचे ते कुणाच्या बढतीचे वृत्त! १४ जुलै २०१३ हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. त्या कागदाबरोबर त्याची धास्तीही संपली.

मिनारच्या पायथ्याशी

एस्प्लनेडच्या बसथांब्यामागे एक उंच पांढरा मनोरा दिसतो. नेपाळच्या युद्धात विजय मिळवणारा इंग्रज सेनापती डेव्हिड ऑक्टरलोनी याच्या स्मरणार्थ १८२८ मध्ये तो बांधला. उंची सुमारे ४८ मीटर. १९६९ मध्ये राज्य सरकारने त्याचे नाव शहीद मिनार ठेवले. जुनी माणसे नुसते ‘मॉन्युमेंट’ म्हणतात. त्याच्या पायथ्याशी या शहराने आपले दुःख आणि संताप कितीदा तरी व्यक्त केला.

१६ सप्टेंबर १९३१ रोजी खरगपूरजवळच्या हिजली येथील स्थानबद्धांच्या छावणीत पोलिसांनी गोळीबार केला. संतोष मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन तरुण मारले गेले. बातमीने कलकत्ता पेटले. २६ सप्टेंबरला निषेधसभा झाली तिचे अध्यक्ष होते रवींद्रनाथ टागोर. सत्तरी ओलांडलेले, प्रकृतीने थकलेले कवी मैदानात आले ते लोकांचा जमाव सभागृहात मावेना म्हणून. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, जोडासांकोच्या वाड्यात रवींद्रनाथांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेचे वर्णन वीरेंद्रकृष्ण भद्र यांनी रेडिओवरून केले. बंगाली माणूस तो दिवस इंग्रजी तारखेने मोजत नाही. ‘बाईशे श्रावण’, म्हणजे बंगाली पंचांगातला २२ श्रावण, असे म्हणतो.

याच मिनारपाशी बातमीची दुसरी, भयंकर बाजूही शहराने पाहिली. १६ ऑगस्ट १९४६ रोजी मुस्लिम लीगने पुकारलेल्या ‘प्रत्यक्ष कृती दिना’ची सभा येथे झाली. मुख्यमंत्री सुऱ्हावर्दी सभेला हजर होते. त्या दिवशी सकाळपासूनच उत्तर कलकत्त्यात दगडफेक आणि मारामाऱ्या सुरू झाल्या होत्या. कोण कुठे मारला गेला याच्या खऱ्याखोट्या बातम्या तोंडोतोंडी पसरत होत्या. प्रत्येक ऐकीव बातमीगणिक सुडाची भावना वाढत गेली. पुढच्या चार दिवसांत दोन्ही समाजांतली मिळून चार हजार किंवा त्याहून अधिक माणसे मेल्याचा अंदाज आहे. त्या दिवसांत घरी परतू न शकलेल्यांच्या, अनोळखी घरात आसरा मिळालेल्यांच्या आठवणी कलकत्त्यातल्या असंख्य कुटुंबांत सांगितल्या गेल्या. त्या आठवणींत बातमी ‘कळली’ हे पुरेसे नसते. ती ऐकून शेजाऱ्याने दार उघडले की लावून घेतले, हे त्यात सांगितलेले असते.

एका शब्दाचे मोल

हे लक्षात घेतले म्हणजे ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी आकाशवाणीने दाखवलेल्या सावधपणाचे महत्त्व कळते. सव्वापाचच्या सुमारास दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सहाच्या बातम्यांत त्यांच्या मृत्यूबरोबरच मारेकरी हिंदू होता हेही सांगितले गेले. त्या एका शब्दाने देशात किती ठिकाणी अनर्थ टळला असेल, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. कलकत्त्याला तर त्याचे मोल विशेष होते. पाचच महिन्यांपूर्वी, १ सप्टेंबर १९४७ रोजी, याच शहरात पुन्हा दंगल उसळली म्हणून गांधीजींनी बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये उपोषण आरंभले होते. शहर शांत झाल्यावर ४ सप्टेंबरला त्यांनी ते सोडले. ज्या माणसासाठी कलकत्त्याने शस्त्रे खाली ठेवली होती, तो गेल्याची बातमी त्या संध्याकाळी आली.

महाराष्ट्रात मात्र बातमीतल्या दुसऱ्या एका शब्दाने घात केला. मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. ‘अठ्ठेचाळीसची जाळपोळ’ म्हणून त्या दिवसांच्या आठवणी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या गेल्या. त्यांतही वाडा जळाला हे सांगताना, धान्याच्या कोठीमागे लपवणाऱ्या शेजारणीचे नावही घराघरांत जपलेले आढळते. बातमी एकच; पण ती कोणत्या घरात, कोणत्या गावात पोहोचली यावर पुढचे आयुष्य ठरले.

काही बातम्या पोहोचूनही पोहोचत नाहीत. ऑगस्ट १९४५ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस विमान अपघातात गेल्याचे वृत्त आले. १९४१ च्या जानेवारीत एल्गिन रोडच्या घरातून इंग्रजांना गुंगारा देऊन निसटलेला हा माणूस या वेळीही तसाच निसटला असेल, अशी बंगालची श्रद्धा होती. त्यावर तीन सरकारी चौकश्या झाल्या, शेवटची १९९९ मध्ये नेमलेल्या मुखर्जी आयोगाची. कलकत्त्यातल्या कित्येक घरांत या बातमीवर अखेरपर्यंत कोणी विश्वास ठेवला नाही.

एक आठवड्याची भुयारी रेल्वे

एस्प्लनेडच्या आसपास एक नाव वारंवार भेटते ते इंदिरा गांधींचे. ३ डिसेंबर १९७१ रोजी त्या कलकत्त्यात होत्या. मैदानावरच्या ब्रिगेड परेड ग्राउंडवर त्यांची प्रचंड सभा झाली. त्याच संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या भारतीय विमानतळांवर हल्ले चढवले. इंदिराजी रात्रीच दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्रीनंतर त्यांनी आकाशवाणीवरून देशाला युद्धाची वार्ता दिली. त्यांना ही बातमी नेमकी केव्हा कळली याच्या हकिकती मात्र निरनिराळ्या आहेत. कोणी सांगतात, भाषण चालू असतानाच हातात चिठ्ठी आली. कोणी सांगतात, सभा आटोपून त्या राजभवनात परतल्यावर कळले. लाखोंच्या देखतच्या दिवसाची ही गत!

पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर १९७२ रोजी, त्यांच्याच हस्ते कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेची कोनशिला बसली. मग बारा वर्षे शहर खणले जात होते. चौरंगी उखडलेली, वाहतूक तुंबलेली, पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी. लोक वैतागले होते. अखेर २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, देशातली पहिली भुयारी रेल्वे एस्प्लनेडहून भवानीपूरपर्यंत धावली. अंतर ३.४ किलोमीटर, स्थानके पाच. शहराला अभिमान वाटावा असे बऱ्याच वर्षांनी काहीतरी घडले होते.

बरोबर सात दिवसांनी, ३१ ऑक्टोबरच्या बुधवारी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास दिल्लीत इंदिराजींवर त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या.

त्या दिवशी राजीव गांधी पश्चिम बंगालमध्येच होते. कलकत्त्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, मेदिनीपूर जिल्ह्यातल्या कांथी येथे त्यांची प्रचारसभा चालू होती. प्रणव मुखर्जी बरोबर होते. पोलिसांच्या बिनतारी संदेशावरून ताबडतोब दिल्लीला परतण्याचा निरोप आला. मोटारीतून कोलाघाटपर्यंत, तेथून हेलिकॉप्टरने कलकत्ता आणि मग खास विमानाने दिल्ली असा तो प्रवास झाला. वाटेत मोटारीत बीबीसीच्या बातम्या लावलेल्या होत्या. आईचा जीव वाचला की नाही हे मुलगा परदेशी रेडिओवरून समजून घेत होता. विमानात असतानाच त्यांना मृत्यूची खात्री पटली, असे प्रणव मुखर्जींनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

देशाची अवस्थाही फारशी वेगळी नव्हती. बीबीसीने दुपारीच मृत्यूचे वृत्त दिले. आकाशवाणीने ते अधिकृतपणे सांगितले संध्याकाळी सहा वाजता. मधल्या त्या काही तासांत बातमी खरीही होती आणि नव्हतीही. ज्यांनी लघुलहरींवर बीबीसी लावले त्यांना कळले होते. इतरांना त्यांच्या तोंडून कळत होते. त्या बुधवारी शाळा सोडून दिलेली मुले, दुकानाचे अर्धे ओढलेले शटर, पानवाल्याच्या ठेल्यावरचा ट्रान्झिस्टर या आठवणी आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणाही भारतीयाला आपल्या वाटतील.

पण त्या दिवशी काहींना शोकापेक्षा भीतीने घेरले. मारेकरी शीख होते. कलकत्त्यात त्या काळी पुष्कळसे टॅक्सीचालक आणि बसमालक शीख होते. भवानीपूर ही त्यांची जुनी वस्ती. हरीश मुखर्जी रोडवरचा संत कुटिया गुरुद्वारा तेथेच आहे. म्हणजे आठवड्यापूर्वी सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या एका टोकाला एस्प्लनेडचा चौक होता, आणि दुसऱ्या टोकाला बातमी ऐकून धास्तावलेली वस्ती. दिल्लीत पुढच्या तीन दिवसांत सरकारी आकड्यांप्रमाणे २,७३३ शिखांची हत्या झाली. कलकत्त्यातही तणाव होता, पण दिल्लीसारखे हत्याकांड तेथे घडले नाही. १९४६ पाहिलेल्या शहराने १९८४ मध्ये स्वतःला सावरले. एस्प्लनेडचा इतिहास सांगताना घडलेल्या गोष्टी सांगितल्या जातात. न घडलेली ही गोष्टही तितकीच सांगण्यासारखी आहे.

मनातले छायाचित्र किती खरे?

असे क्षण मनावर कोरले का जातात, याचा मानसशास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. अमेरिकेत एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह यांनी १८९९ मध्ये १७९ लोकांना विचारले होते, ‘अब्राहम लिंकनच्या खुनाची बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कुठे होता?’ घटनेला तेहतीस-चौतीस वर्षे उलटली होती, तरी १२७ जणांनी ठिकाण, वेळ आणि सांगणारा यांचा तपशील दिला. १९७७ मध्ये रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी अशा आठवणींना छायाचित्रकाराच्या झगझगीत दिव्याची उपमा दिली. दिवा क्षणभर लखलखतो आणि समोरचे सारे, महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे, एकदम टिपले जाते. लोक काय काय सांगतात याची त्यांनी यादी केली: कुठे होतो, काय करत होतो, कोणी सांगितले, मला काय वाटले, इतरांना काय वाटले, पुढे काय झाले.

त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी लख्ख आठवण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांकडे कितीतरी अधिक होती. धक्का कोणाला किती बसतो, हे मरणारा आपला कोण होता यावर अवलंबून असते. २४ जुलै १९८० हा दिवस मराठी माणसाला काही सांगत नाही; बंगाली माणसाला तो उत्तमकुमार गेल्याचा दिवस म्हणून आठवतो. ‘वंगचित्रे’ लिहिणारे आणि बंगालवर जीव जडलेले आपले पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. ती बातमी कुठे ऐकली हे मराठी घरांत अजून सांगतात. एस्प्लनेडवर मात्र त्या दिवशी ट्राम नेहमीसारखी धावली असेल.

परंतु ही मनातली छायाचित्रे नेहमी खरी असतात असे नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटातच फुटले. दुसऱ्याच सकाळी उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. ११ जणांचे एकही मुख्य उत्तर आधीच्याशी जुळेना. तरीही आपली आठवण पक्की असल्याबद्दल त्यांची खात्री दांडगी होती. कित्येकांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी ते म्हणत, ‘मला तर तसे आठवत नाही.’

म्हणजे आजोबा खोटे सांगतात काय? तसे नव्हे. दरवेळी सांगताना आठवण थोडी घासली जाते, थोडी नव्याने रंगते. नंतर वाचलेले, ऐकलेले, पडद्यावर पाहिलेले तिच्यात मिसळते. इंदिराजींच्या हातातल्या चिठ्ठीसारख्या दोन हकिकती मग शेजारी शेजारी नांदू लागतात. म्हणूनच अशा आठवणी वेळीच लिहून ठेवायला हव्यात, आणि जमल्यास एकाच दिवसाबद्दल घरातल्या दोघा-तिघांना वेगवेगळे बसवून विचारायला हवे.

चौक आज

आठवणींना खुंट्या लागतात, आणि शहरे खुंट्या उपटत असतात. धर्मतला रस्त्याचे नाव लेनिन सरणी झाले, चौरंगीचे जवाहरलाल नेहरू रोड. कलकत्त्याचे २००१ मध्ये अधिकृतपणे कोलकाता झाले. २१ जुलै १९९३ रोजी युवक काँग्रेसच्या मोर्चावर पोलिसांनी येथे केलेल्या गोळीबारात १३ जण मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला येथे सभा भरू लागली आणि चौकाच्या आठवणींत आणखी एका दिवसाची भर पडली. २०२३ मध्ये येथल्या ट्रामने दीडशे वर्षे पूर्ण केली आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढाच वारसा-मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हुगळीच्या पात्राखालून हावडा मैदानला जाणारी भुयारी रेल्वे सुरू झाली. नदीखालचा सुमारे ५२० मीटरचा टप्पा गाडी पाऊण मिनिटात ओलांडते.

मुंबई-हावडा मेलने नागपूरमार्गे जाणाऱ्या मराठी प्रवाशाला आता हावड्याला उतरून भुयारी रेल्वेने थेट एस्प्लनेड गाठता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने फिरायला सुखाचे. सकाळी लवकर निघून आधी शहीद मिनार पाहावा. वर चढायला पोलिसांची परवानगी लागते, पण खालून भोवतालचे मैदान पाहिले तरी येथल्या सभांची कल्पना येते. तेथून परतताना टिपू सुलतानाचा मुलगा गुलाम महंमद याने १८४२ मध्ये बांधवलेली मशीद लागते. वेल्लोरच्या १८०६ च्या उठावानंतर टिपूच्या कुटुंबाला इंग्रजांनी कलकत्त्यात आणून ठेवले होते. जवळच के. सी. दास यांचे रसगुल्ल्याचे प्रसिद्ध दुकान आहे. पुढे स्टेट्समनची इमारत बाहेरून पाहून डेकर्स लेनमध्ये शिरावे आणि बाकावर बसून गरम स्ट्यू आणि टोस्ट मागवावा. भाजणाऱ्या पावाचा वास आणि कचेरीच्या गप्पा फुकट मिळतात. १ जानेवारी १८७४ ला उघडलेले न्यू मार्केट खरेदीसाठी पाच-दहा मिनिटांवर आहेच.

या फेरीत एक फरक लक्षात येतो. चौकात गर्दी पूर्वीपेक्षा जास्त आहे, पण बातमीसाठी कोणी थांबत नाही. बातमी आता प्रत्येकाच्या खिशात वेगळी येते. ट्रामच्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या माणसाने शेजाऱ्याला ‘ऐकलंत का?’ म्हणून विचारण्याची गरज उरली नाही. कोणी सांगितले, या प्रश्नाचे उत्तर आता बहुधा ‘फोनवर वाचले’ असेच मिळते. अफवाही त्याच खिशात येते, आणि १९४६ मध्ये तिला शहरभर फिरायला जितके तास लागले तितकी मिनिटेही आता लागत नाहीत. म्हणून या चौकाने शिकवलेली गोष्ट आज अधिकच गरजेची आहे. ऐकलेले पुढे सांगण्याआधी खरे आहे का ते पाहावे, आणि धक्का बसलेल्या वेळी शेजाऱ्याचे दार वाजले तर ते उघडावे.

एस्प्लनेडला जाणे जमेल तेव्हा जमेल. तोवर एक काम घरबसल्या करता येण्यासारखे आहे. घरातल्या मोठ्यांना निवांत वेळी विचारावे : ती बातमी आली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितली, आणि त्यानंतर तुम्ही काय केले? उत्तर वहीत तारखेसह उतरवून ठेवावे. तपशील थोडे इकडचे तिकडे होतील. पण त्या दिवशी कोणी कोणाला सांभाळले, हे बहुतेक घरांत कोणी विसरलेले नसते.